डाळी, तेलबिया आणि कोंबडीचे मांस : पोषणमूल्यांची तुलना

अन्नाविषयी बोलताना दोन विधाने वारंवार कानी पडतात. एक असे की, डाळीत आणि भुईमुगात मांसाइतकीच प्रथिने असतात, तेव्हा मांसाची आवश्यकता नाही. दुसरे असे की, मांसावाचून अंगी बळ येत नाही, डाळ हे दुबळ्यांचे अन्न होय. ही दोन्ही विधाने परस्परविरुद्ध दिसत असली तरी त्यांच्यात दोष एकच आहे. अन्नाचे मोल एकाच आकड्याने ठरविता येते, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. प्रत्यक्षात बी आणि मांस हे दोन अगदी भिन्न प्रकारचे पदार्थ असून त्यांची तुलना कोणत्या मापाने करावयाची, हाच मुख्य प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ वादाचा नाही. ज्या घरात अन्नावर खर्च करण्यास मोजकेच पैसे असतात आणि वाढती मुले असतात, तेथे त्याच्या उत्तरावर मुलांची वाढ अवलंबून असते.

बी आणि मांस यांचे स्वरूप

बी म्हणजे एका भावी वनस्पतीची शिदोरी होय. बीजातील अंकुर जमिनीबाहेर येऊन हिरवी पाने धरीपर्यंत त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. त्या अवधीसाठी लागणारे सर्व अन्न मातृवनस्पती बीजात साठवून ठेवते. हरभरा, तूर, मूग इत्यादी द्विदल धान्यांत हा साठा मुख्यतः पिष्ट व प्रथिने यांचा असतो; तीळ, भुईमूग, करडई इत्यादी गळिताच्या धान्यांत तो तेल व प्रथिने यांचा असतो. हा साठा महिनोन्‌महिने टिकावा म्हणून बीजात पाणी फारच थोडे असते.

कोंबडीचे मांस म्हणजे तिचे स्नायू. स्नायू हा साठा नसून काम करणारे यंत्र आहे. त्याचे आकुंचन-प्रसरण घडविणारे तंतू प्रथिनांचेच बनलेले असतात आणि ते पाण्याने भिजलेले असतात. म्हणून ताज्या मांसात पाणी व प्रथिने हेच दोन प्रमुख घटक आढळतात; पिष्ट जवळजवळ नसते आणि कातडी काढून टाकल्यास स्निग्ध पदार्थही थोडेच उरतात. पुढील सर्व तुलनेचे मूळ बी व मांस यांच्या या रचनेतील भेदात आहे.

शंभर ग्रॅमचे कोष्टक

प्रत्येकी १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात पुढील घटक अदमासे आढळतात. वाण, जमीन आणि कोंबडीचे खाद्य यांप्रमाणे हे आकडे थोडेफार बदलतात.

चण्याची डाळ : प्रथिने २१ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५ ग्रॅम, उष्मांक ३७०.
भुईमुगाचे दाणे : प्रथिने २५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ४० ग्रॅम किंवा अधिक, उष्मांक ५६५.
तीळ : प्रथिने १८ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ४३ ग्रॅम, उष्मांक ५६५.
सोयाबीन : प्रथिने सुमारे ४० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ २० ग्रॅम, उष्मांक ४३०.
कोंबडीच्या छातीचे मांस, कातडीविना : प्रथिने २२ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ २ ते ३ ग्रॅम, उष्मांक १२०.

हे कोष्टक वरवर पाहिले तर डाळ आणि मांस प्रथिनांच्या बाबतीत तुल्यबळ ठरतात, भुईमूग किंचित पुढे जातो आणि सोयाबीन सर्वांना मागे टाकते. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होते. डाळ कोरडी तोलली आहे आणि मांस ओले. शंभर ग्रॅम डाळीत पाणी सुमारे १० ग्रॅम असते, तर शंभर ग्रॅम मांसात ते सुमारे ७५ ग्रॅम असते.

शिजविताना दोहोंचा प्रवास उलट दिशेने होतो. डाळ पाणी शोषून घेते. मांस पाणी सोडते. म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यात प्रथिने केवळ ८ ते ९ ग्रॅम असतात, आणि पातळ वरणात त्याहूनही कमी. उलट शिजलेल्या १०० ग्रॅम छातीच्या मांसात ती ३० ग्रॅमच्या घरात जातात. शाळेत याची प्रचीती सहज घेता येईल. शंभर ग्रॅम हरभरे रात्रभर भिजवावे, शिजवावे, पाणी निथळून पुन्हा तोलावे. वजन दुपटीहून अधिक भरेल. त्यात प्रथिनांची भर पडलेली नसते, फक्त पाण्याची पडलेली असते. कच्च्या डाळीचा आकडा वाचून वाटीभर वरणाचे मोल ठरविणे, ही अगदी सर्रास होणारी चूक आहे.

उष्मांकांच्या मापाने

पाण्याचा घोळ टाळण्यासाठी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारता येतो. शरीराला २० ग्रॅम प्रथिने हवी असतील, तर कोणता पदार्थ किती घ्यावा लागेल आणि त्याबरोबर किती उष्मांक पोटात जातील?

कोंबडीचे मांस सुमारे ९० ग्रॅम लागेल आणि त्यातून ११० उष्मांक मिळतील. सोयाबीन ५० ग्रॅम लागेल, उष्मांक २१५. चण्याची डाळ ९५ ग्रॅम, उष्मांक ३५०. भुईमुगाचे दाणे ८० ग्रॅम, उष्मांक ४५०. तीळ ११० ग्रॅम, उष्मांक ६२०.

येथे दोहोंतील खरा भेद दिसतो. बिनकातडीचे मांस हे जवळजवळ निव्वळ प्रथिनांचे अन्न आहे. बिया मात्र प्रथिनांबरोबर इंधनही पुरवितात. जो मनुष्य आजाराने किंवा वार्धक्याने थोडेच खाऊ शकतो, अथवा ज्याला वजन आटोक्यात ठेवावयाचे आहे, त्याला पहिला प्रकार सोयीचा. जो उन्हात नांगर धरतो किंवा डोक्यावर ओझी वाहतो, त्याला दुसरा. ‘कोणते अन्न श्रेष्ठ’ या प्रश्नाला खाणाऱ्याची गरज समजल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मांडीचे मांस कातडीसह घेतल्यास हे गणित पुन्हा बदलते. त्यात प्रथिने १७ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थही जवळजवळ तितकेच असतात.

प्रथिनांचा कस

प्रथिन या कल्पनेला शास्त्रात स्थान मिळाले ते १८३८ साली. त्या वर्षी डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने, स्वीडनच्या बर्झेलियस याच्या सूचनेवरून, ‘प्रोटीन’ हा शब्द प्रथम छापील लेखात वापरला. ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे. पुढे असे दिसून आले की, प्रथिने ही ॲमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांच्या लांब साखळ्या असतात. अन्नातील प्रथिने पचनमार्गात या घटकांपर्यंत सुटी होतात आणि त्यांतून शरीर स्वतःची प्रथिने नव्याने गुंफते. काही ॲमिनो आम्ले शरीराला स्वतः घडविता येतात; नऊ मात्र अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांना आवश्यक ॲमिनो आम्ले म्हणतात.

सर्व प्रथिने सारख्या कसाची नसतात, हे अमेरिकेतील ऑस्बोर्न व मेंडेल यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. त्यांनी उंदरांना मक्यातील झीन हे एकच प्रथिन दिले. पोटभर अन्न असूनही उंदरांची वाढ खुंटली आणि ते खंगू लागले. त्याच अन्नात ट्रिप्टोफॅन आणि लायसीन ही दोन ॲमिनो आम्ले मिसळताच वाढ पुन्हा सुरू झाली. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा की, आवश्यक ॲमिनो आम्लांपैकी एखादे जरी अपुरे असले तरी बाकीच्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. भिंत बांधताना विटा मुबलक असल्या तरी चुना संपला की काम थांबावे, तसा हा प्रकार होय.

आता तुलना पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार, प्रौढ माणसाच्या अन्नातील प्रत्येक ग्रॅम प्रथिनात लायसीन ४५ मिलिग्रॅम आणि गंधकयुक्त ॲमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनीन व सिस्टीन, मिळून २२ मिलिग्रॅम असावी. लहान मुलांसाठी हे प्रमाण थोडे अधिक आहे. कोंबडीच्या मांसातील प्रथिनांत लायसीन सुमारे ८५ आणि गंधकयुक्त आम्ले ४० मिलिग्रॅम असतात, म्हणजे दोन्ही बाबतींत गरजेच्या जवळजवळ दुप्पट. तुरीच्या डाळीत लायसीन ७० असते, पण गंधकयुक्त आम्ले जेमतेम २२ भरतात. तांदळात नेमके उलट असते : लायसीन ३६, गंधकयुक्त आम्ले सुमारे ४५. तिळातही लायसीन कमी, ३० च्या आसपास, परंतु गंधकयुक्त आम्ले ५० हून अधिक.

पचनाचाही विचार केला पाहिजे. मांसातील १०० भाग प्रथिनांपैकी सुमारे ९४ शरीरात शोषली जातात. डाळींच्या बाबतीत हा आकडा ८० च्या आसपास राहतो. सारांश, एक-एक पदार्थ सुटा घेतला तर प्रथिनांच्या कसात मांस सरस ठरते, यात शंका नाही.

मिश्रणाचे गणित

परंतु कोणीही नुसती डाळ खाऊन राहत नाही. भारतात तर धान्य आणि डाळ यांची जोडी बहुतेक सर्व प्रांतांत आढळते. उत्तरेत खिचडी, दक्षिणेत तांदूळ व उडीद यांची इडली, महाराष्ट्रात थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट ही सर्व त्याच जोडीची रूपे होत. या जोडीने काय साधते, ते हिशेब करून पाहता येते.

तीनशे ग्रॅम तांदूळ आणि पाऊणशे ग्रॅम तुरीची डाळ घेतली, असे समजावे. तांदळातून २१ ग्रॅम प्रथिने आणि त्यांत सुमारे ७५० मिलिग्रॅम लायसीन मिळते. डाळीतून साडेसोळा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ११५० मिलिग्रॅम लायसीन मिळते. एकूण प्रथिने साडेसदतीस ग्रॅम आणि लायसीन १९०० मिलिग्रॅम. म्हणजे प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ५० मिलिग्रॅम. गंधकयुक्त आम्ले याच रीतीने मोजली असता ३५ भरतात. नुसता तांदूळ लायसीनमध्ये नापास होत होता आणि नुसती डाळ गंधकयुक्त आम्लांत काठावर होती. दोघे मिळून दोन्ही कसोट्यांना उतरले. यात काही चमत्कार नाही. एकाची उणीव दुसऱ्याच्या विपुलतेने भरून निघाली, एवढेच.

या हिशेबात दोन अटी मात्र दडलेल्या आहेत. पहिली अट म्हणजे डाळीचे प्रमाण. चार भाग तांदळास एक भाग डाळ, हे प्रमाण येथे धरले आहे. ताटातील वरण पाण्यासारखे पातळ झाले आणि हे प्रमाण पंधरास एक इतके घसरले, तर जोडी नावापुरतीच उरते. दुसरी अट म्हणजे पचनात होणारी तूट. प्रौढाला चांगल्या कसाची प्रथिने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम पुरतात. धान्य-डाळीवर भर असेल तेव्हा सुमारे १ ग्रॅम धरणे सुरक्षित होय. पंचावन्न किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम. वरील भात-डाळीत मूठभर दाणे, दूध किंवा एखादे अंडे यांची भर पडली, तर तो मजल गाठतो.

प्रथिनांखेरीज

बियांत चोथा म्हणजे तंतुमय भाग भरपूर असतो. मांसात तो मुळीच नसतो. डाळींत फोलेट हे जीवनसत्त्व पुष्कळ असते. अखंड तिळात कॅल्शियम शंभर ग्रॅममागे १००० मिलिग्रॅम किंवा अधिक असते. परंतु ते बहुतांशी सालीत ऑक्झॅलेटच्या रूपात असल्यामुळे त्याचा थोडाच भाग शरीराला मिळतो. लोहाची गोष्टही अशीच आहे. चण्याच्या डाळीत लोह ५ ते ६ मिलिग्रॅम असते आणि कोंबडीच्या मांसात सुमारे १ मिलिग्रॅम. तरीही आकड्यांत दिसतो तितका डाळीचा वरचष्मा नसतो, कारण बियांतील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना धरून ठेवते आणि मांसातील लोहाचा काही भाग सहज शोषला जाणाऱ्या रूपात असतो. धान्याला मोड आणल्याने फायटिक आम्ल घटते आणि जेवणात लिंबू पिळल्याने लोहाचे शोषण वाढते. स्वयंपाकघरातील या साध्या रीतींना असा शास्त्रीय आधार आहे.

एका बाबतीत मात्र बिया सर्वस्वी रित्या आहेत. १९४८ साली शुद्ध रूपात मिळविण्यात आलेले बी-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याही बीत नसते. ते अपुरे पडल्यास रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंना अपाय पोहोचतो. कोंबडीच्या मांसात ते असते, पण फार नाही. शंभर ग्रॅममागे सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. रोजची गरज २ मायक्रोग्रॅमहून थोडी अधिक असते. दुधातही ते जवळजवळ मांसाइतकेच किंवा थोडे अधिक असते. म्हणून शाकाहारी कुटुंबाने दूध व दही यांना केवळ चवीचे पदार्थ मानू नये. आणि जो दूधही घेत नाही, त्याने हे जीवनसत्त्व औषधरूपाने घेणे आवश्यक आहे.

सावधगिरी

बीजाला आपला साठा किडीपासून राखावयाचा असतो, म्हणून त्यात काही अपायकारक द्रव्येही असतात. सोयाबीन व इतर द्विदल धान्यांत प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये आढळतात; ती शिजविल्याने वा भाजल्याने बव्हंशी नाहीशी होतात. लाखेची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. दुष्काळात गरीब शेतमजुरांना याची झळ लागलेली असल्यामुळे १९६१ नंतर भारताच्या बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

भुईमुगाचा धोका तर कोंबडीवर्गातील पक्ष्यांमुळेच उघडकीस आला. १९६० साली इंग्लंडमध्ये एका अज्ञात रोगाने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष यकृताला घातक असून साध्या शिजविण्याने नष्ट होत नाही. यास्तव ओले, बुरसटलेले किंवा कडवट दाणे निवडून टाकणे, हा कंजूषपणाने मोडण्याचा नियम नव्हे. मांसाची सावधगिरी वेगळी : ते लवकर नासते, त्यात रोगजंतू असू शकतात आणि म्हणून ते आतपर्यंत पूर्ण शिजले पाहिजे.

भुकेलेल्या मुलाच्या ताटात

विसाव्या शतकाच्या मध्यास अविकसित देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, असे मत जगभर प्रबळ होते. त्या मताला ज्यांनी आव्हान दिले, त्यांत दोन भारतीय नावे अग्रगण्य आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम करताना आहार-पाहण्यांचे आकडे तपासले. हैदराबाद येथील संशोधक डॉ. सी. गोपालन यांनी कुपोषित मुलांच्या आहाराचा अभ्यास केला. दोघांच्या विवेचनाचा रोख एकच होता : बहुतेक कुपोषित मुलांना त्यांचे नेहमीचेच धान्य-डाळीचे अन्न पोटभर मिळत नाही, हे मूळ दुखणे आहे. उष्मांक अपुरे पडले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. अशा मुलाला नुसते महाग प्रथिन देणे म्हणजे चुलीत सागवान घालण्यासारखे आहे.

या दृष्टीने बियांचा गुण उठून दिसतो; त्या प्रथिने व इंधन एकदमच देतात. लहान मुलाचे पोट मात्र लहान असते आणि पातळ पेज त्याला लवकर भरते. म्हणून थोड्या आकारमानात अधिक पोषण देणारे मिश्रण हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेले मिश्रण याचा नमुना आहे : भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भुईमुगाचे दाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. यातून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. दाणे कुटूनच द्यावे लागतात, कारण अखंड दाणा लहान मुलाच्या घशात अडकण्याची भीती असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही भुईमुगाचे पीठ तीन भाग व हरभऱ्याचे एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वांची भर घालून असेच एक पूरक अन्न तयार केले होते.

ज्या घरी मांस चालते आणि परवडते, तेथे अशा ताटात त्याचा थोडासा तुकडाही मोलाचा ठरतो. त्यातील लायसीन धान्याची उणीव भरून काढते आणि बी-१२ बियांची. येथे मांस डाळीचा प्रतिस्पर्धी नसून पूरक असते. शिवाय कोंबडी स्वतः बियांवरच वाढते. मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचे वजन एक किलोने वाढण्यास मका व सोयाबीनची पेंड यांचे दीड ते दोन किलो खाद्य लागते, आणि खाद्यातील प्रथिनांपैकी फार तर एक तृतीयांश माणसाच्या ताटात पोहोचतात. मांसाची किंमत डाळीहून अधिक का पडते, याचे एक कारण हे आहे.

तात्पर्य, सुट्या पदार्थांची तुलना केली तर प्रथिनांच्या कसात, पचनात आणि बी-१२ च्या बाबतीत कोंबडीचे मांस पुढे आहे. इंधन, चोथा, फोलेट, टिकाऊपणा आणि स्वस्ताई यांत बिया पुढे आहेत. पण शरीराशी गाठ पडते ती सुट्या पदार्थाशी नव्हे, तर संपूर्ण जेवणाशी. डाळ घट्ट असावी, धान्य पोटभर असावे, दाणे निवडलेले असावेत आणि दूध, अंडे वा मांस यांपैकी जे चालेल व परवडेल त्याची जोड असावी. एवढे साधले म्हणजे मूल वाढते.